वैनगंगेचे रान आणि पडद्यावरचे रान

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत धर्मशिक्षणाच्या वर्गाला जोडून आम्ही मुलांसाठी चित्रकलेची एक लहानशी स्पर्धा ठेवली होती. विषय दिला होता, "आमचे रान". बालाघाट जिल्ह्यात वाढणाऱ्या मुलांना याहून सोपा विषय तो कोणता द्यावा? बैहरकडील एका खेड्यातून आलेल्या नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाने तासाभरात एक सुबक चित्र काढून आमच्या हाती दिले. ह्या मुलाच्या परसापासून हाकेच्या अंतरावर सालाचे बन सुरू होते, हे आम्हांस ठाऊक होते. चित्रात मात्र नारळाची चार झाडे होती, त्यांवरून दोरांप्रमाणे लोंबणाऱ्या हिरव्या वेली होत्या, केळीचा घड होता, आणि निळसर करड्या रंगाचे एक लठ्ठ अस्वल दोन पायांवर उभे राहून नाचत होते.

आम्ही विचारले, "बाळ, हे कोणते रान?"

"फादर, जंगल असंच असतं ना! टीव्हीवर बघितलंय."

"आणि तुझ्या घरामागे आहे ते?"

मुलगा क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला, "ती तर नुसती झाडं आहेत."

चित्र नीटनेटके होते, म्हणून त्यास दुसरे बक्षीस दिले. परंतु त्याचे उत्तर आमच्या मनातून जाईना. मुलास दोष देण्याचा अधिकारही आम्हांस नव्हता, कारण ज्या चित्रपटांनी त्याच्या डोळ्यांपुढे नारळ उभे केले, त्यांचे आम्ही स्वतः जुने चाहते आहो. धर्मगुरूने अशी कबुली द्यावी याचे कोणा वाचकास नवल वाटल्यास वाटो. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' ही जपानी चित्रमालिका हिंदीतून दाखवू लागले, तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. गावात दूरदर्शन संच एकच. मिस्सा संपून शेवटचा आशीर्वाद मिळेपर्यंत आम्हां पोरांचा जीव कसा टांगणीला लागलेला असे, ते त्या वेळच्या धर्मगुरूंस नक्कीच कळत असले पाहिजे. कारण त्या काळात त्यांचे प्रवचन थोडे आखूड होऊ लागल्याचे आमच्या मातोश्री आजही सांगतात.

चित्रे हलतात कशी, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात किंचित फरक करून एकच आकृती काढावी आणि पाने अंगठ्याने भरभर सोडावीत, म्हणजे ती चालू लागते. सेमिनरीत असताना आमच्या ग्रीक व्याकरणाच्या वहीत एक बकरी अशीच उड्या मारीत असे. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती गुरुजींच्या दृष्टीस पडली, तो भाग येथे गाळतो. चित्रपटात एका सेकंदास चोवीस चौकटी सरकतात. उत्तम काम करणारे एक चित्र दोन चौकटींस वापरतात, म्हणजे सेकंदास बारा चित्रे झाली. काटकसर करणारे एक चित्र तीन किंवा अधिक चौकटी टिकवून धरतात. आपल्याकडे हा खेळ प्रथम मांडला तो त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाच्या लघुपटात काडेपेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या. शाई नाही, रंग नाही, केवळ काडी पुढे सरकवावयाची आणि चौकट टिपावयाची.

आता मूळ कथेकडे वळू. 'जंगल बुक' लिहिणारे रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म मुंबईचा, १८६५ सालचा. त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिकवीत असत, आणि मुलाच्या पुस्तकातील काही चित्रे पुढे त्यांनीच काढली. पुस्तकाचे दोन भाग १८९४ आणि १८९५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील मोगली सिवनीच्या टेकड्यांत वाढतो आणि ज्या नदीचे नाव तेथे वारंवार येते ती आपली वैनगंगा. सिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे उगम पावून, बालाघाट शहराला वळसा घालून ती पुढे महाराष्ट्रात जाते, ही तीच नदी. एवढे असूनही किपलिंग यांनी सिवनीचे रान प्रत्यक्ष पाहिल्याचा पुरावा नाही. सातपुड्यातील शिकारीवर आर. ए. स्टर्नडेल यांनी १८७७ साली लिहिलेल्या ग्रंथासारख्या साधनांवरून त्यांनी ते मनात उभे केले, आणि लेखणी हाती धरली तेव्हा ते अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात राहत होते.

हे ऐकून वाचक म्हणतील की मग चित्रपटवाल्यांना काय बोल लावावा, मूळच ऐकीव! आम्हीही बराच काळ असेच म्हणत होतो. परंतु पुस्तकाच्या दुसऱ्या भागात दुष्काळाची एक कथा आहे. वैनगंगा आटत आटत जाते, पात्रातला खडक उघडा पडतो, आणि तो दिसला म्हणजे पाण्यावर कोणी कोणाला मारावयाचे नाही असा रानाचा करार लागू होतो. त्या दुष्काळाची एक खूण किपलिंग काय सांगतात? बालूला फार आवडणारा मोह त्या वसंतात फुललाच नाही! वाचकहो, हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. मोह न फुलणे म्हणजे काय, हे बैहर-लांजीकडच्या कोणत्याही घरी विचारा. फाल्गुन-चैत्रात पहाटे टोपली घेऊन निघालेल्या बाईला ते जसे कळते तसे दुसऱ्या कोणाला कळणार नाही. अस्वलाला मोहाचे फूल आवडते, हेही त्या बाईला आपल्या जिवाच्या भीतीने ठाऊक असते. रान न पाहिलेल्या लेखकाने एवढी बारीक गोष्ट कुणाकडून तरी कान देऊन ऐकली होती. तेव्हापासून ह्या कथेवरचा कोणताही चित्रपट समोर आला की आमची दृष्टी आधी एकच शोध घेते : ह्यात मोहाचे झाड आहे काय?

१९६७ सालचा डिस्ने यांचा चित्रपट सर्वांत प्रसिद्ध. आमच्या स्पर्धेतले निळसर अस्वल तेथूनच आलेले. वॉल्ट डिस्ने १९६६ च्या डिसेंबरात वारले. म्हणजे हा त्यांच्या देखरेखीखाली बनत असलेला शेवटच्या चित्रपटांपैकी एक. कथेवर काम करणाऱ्या लेखकाच्या हाती पुस्तक देऊन त्यांनी ते वाचू नका असे बजावले होते, ही गोष्ट त्या चित्रपटाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते, आणि चित्रपट पाहिल्यावर ती खरी मानावयास अडचण वाटत नाही. पुस्तकातल्या माकडांना राजा नाही. कायदा आणि पुढारी नसणे हाच त्यांचा स्वभाव लेखकाने सांगितला आहे. चित्रपटाने त्यांना लुई नावाचा राजा दिला, आणि तोही ओरांगउटान! हा प्राणी सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांखेरीज कोठे रानटी आढळत नाही. सिवनीस तो कसा पोचला, कोण जाणे.

तरीही आमचे प्रांजळ मत विचाराल तर चित्रकलेच्या दृष्टीने हा चित्रपट थोर आहे. त्यातला शेरखान मिल्ट काल या चित्रकाराच्या हातचा. तो वाघ चालतो तेव्हा पुढच्या पायांवरचे खांदे आळीपाळीने वर येतात, मान मात्र हलत नाही. आणि संतापला तरी घाई करीत नाही. कान्ह्याच्या मुक्की दरवाजाकडील रस्त्यावर आम्ही एकदाच वाघ पाहिला. तो आमच्या गाडीकडे न बघता रस्ता ओलांडून गेला, आणि आमच्या मनात प्रथम आले ते हेच, की अरे, हा तर त्या चित्रासारखाच चालतो! थोडी लाज वाटली खरी. देवाने घडविलेल्या वाघाची तुलना माणसाने काढलेल्या वाघाशी करावयाची नसते. उलट करावयाची असते. परंतु चित्रकाराने पाहिले होते, म्हणूनच हे घडले. त्याच चित्रपटातला बालू दगड उलथून मुंग्या खातो, तेही पाहिलेलेच आहे. आणखी एक गोष्ट जाणत्यांस दिसेल. त्या काळी कागदावरील पेन्सिलीची रेघ यंत्राने थेट पारदर्शक पत्र्यावर उतरविण्याची रीत सुरू झाली होती, त्यामुळे प्राण्यांच्या कडा किंचित खरखरीत दिसतात; चित्रकाराचा हात त्या रेघेत राहतो. आम्हांस ती खरखर आजच्या गुळगुळीत कडांपेक्षा प्रिय आहे.

झाडांचे मात्र तसे नाही. मागे रंगविलेले रान डोळ्यांस सुखविणारे आहे, गर्द, ओले, वरून पडणाऱ्या उन्हाने उजळलेले. परंतु ते कोठलेही असू शकेल. केळी, नारळ, लोंबत्या वेली आणि पाण्याचे प्रपात मिळून उष्ण देशातले जे सर्वसाधारण जंगल होते, तेच हे. बालू गाणे गात नागफणीची बोंडे तोडतो. नागफणी ही मुळात अमेरिकेतून आलेली. मोह? नाही.

सोव्हिएत रशियात १९६७ ते १९७१ या काळात हीच कथा पाच भागांत निघाली. तिची चित्रे गंभीर, सावल्यांनी भरलेली, आणि बघिरा तेथे मादी आहे. आम्ही ती एकदाच पाहिली, तीही भाषा न समजता, म्हणून अधिक बोलत नाही.

लहानपणीच्या त्या जपानी मालिकेविषयी लिहिताना निःपक्षपाती राहणे आम्हांस कठीण जाते. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९-९० मध्ये तिचे बावन्न भाग केले. गुलजार यांनी हिंदीसाठी लिहिलेले आणि विशाल भारद्वाज यांनी स्वरबद्ध केलेले गीत आमच्या पिढीतल्या कोणाही माणसास अर्ध्या झोपेत म्हणता येईल. शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा; तो मराठी गळा आम्हांस घरचा वाटे आणि म्हणूनच त्याची भीती दुप्पट वाटे. आज मोठेपणी पाहिले म्हणजे काटकसर उघड दिसते. बोलताना फक्त ओठ हलतात, देह स्थिर असतो. पळण्याचे तेच तुकडे पुन्हा येतात. मागचे चित्र सरकवून प्राणी धावल्याचा भास केला जातो. पण दुःखाच्या प्रसंगी स्थिर चित्र अधिक बोलते, हे त्या लोकांना कळले होते. मोगलीच्या हाती त्यांनी बूमरँग दिले होते, जे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचे हत्यार! आम्ही पोरांनी बांबूच्या कामट्यांची कित्येक बूमरँग केली. एकही परत आले नाही. एक मात्र शेजारच्या काकांच्या कौलावर गेले आणि त्याचा परिणाम आमच्याकडे परत आला.

२०१६ सालचा जॉन फॅव्हरो यांचा चित्रपट आम्ही नागपूरला कामानिमित्त गेलो असता पाहिला. भारतात तो ८ एप्रिल रोजी, अमेरिकेच्या एक आठवडा आधी लागला. त्यातला मोगली तेवढा खरा मुलगा, नील सेठी. बाकी वाघ, अस्वल, नदी, गवताची पाती सारे संगणकावर केलेले, आणि चित्रीकरण लॉस एंजेलिसमधील बंद जागेत झालेले. भारतीय रानांची असंख्य छायाचित्रे आधाराला घेतली होती आणि बंगळूरच्या कलावंतांचाही त्या कामात वाटा होता. दृश्य-करामतींचे ऑस्कर पारितोषिक त्यास २०१७ मध्ये मिळाले, ते योग्यच झाले. ओल्या अस्वलाच्या केसांतून पाणी ठिबकताना पाहून आम्ही खुर्चीत पुढे सरकलो. दुष्काळ, उघडा पडलेला खडक आणि पाण्याचा करार, हेही त्यांनी पुस्तकातून उचलले. तेव्हा आमची आशा फार वाढली होती, हे सांगावयास नको.

पण रान पुन्हा तेच, जगातल्या सर्व जंगलांची बेरीज. एप्रिलात आमच्याकडे काय दिसते? पानगळ झालेल्या तेंदू-ऐनाखाली वाळलेला पाचोळा असा पसरलेला असतो की मुंगूस गेले तरी शेळी गेल्यासारखा आवाज व्हावा. साल तेवढा नव्या पालवीने हिरवा. रान विरळ, दूरवर दृष्टी पोचते. त्यात पळस पेटलेला असतो. किपलिंगच्या कथेत जनावरे अग्नीला नावाने न हाक मारता लाल फूल म्हणतात. ज्या प्रदेशात पळस फुलतो तेथेच अशी कल्पना सुचण्याजोगी आहे! तरी आम्ही पाहिलेल्या चित्रपटांत कोणीही त्या फुलाशेजारी त्या फांदीला उभे केल्याचे आम्हांस आठवत नाही. एवढी मोठी यंत्रे, एवढे कुशल हात, आणि पळस सुटला. मोहही सुटला.

खेळांच्या चित्रांविषयीही लिहावे असा युवक मंडळाचा आग्रह आहे. मंडळातल्या एकाने संगणकावर १९९४ च्या सुमारास निघालेला 'जंगल बुक'चा खेळ आम्हांस खेळावयास लावला. मोगली माकडांवर केळी फेकतो आणि वाटेतली रत्ने गोळा करतो. आम्ही तिसऱ्या मिनिटास मेलो, आणि युवकांनी दाखविलेली करुणा अगदी थोडी होती. चित्रे हातची, सफाईदार, १९६७ च्या चित्रपटाची आज्ञाधारक लेकरे. अधिक काय सांगावे? मात्र त्याच मुलाने दाखविलेला दुसरा खेळ आमच्या मनात राहिला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० मध्ये काढलेला 'राजी'. एक मुलगी आपल्या पळविलेल्या भावाला शोधीत निघते. त्यातले किल्ले, जाळ्या आणि झरोके राजस्थानच्या वास्तूंवरून घेतलेले आहेत, रंगांत पहाडी चित्रांची छाया आहे, आणि मधली कथा छायाबाहुल्यांच्या ढंगाने सांगितलेली आहे. दगडावरचे कोरीवकाम पाहताना आम्ही शत्रूकडे लक्ष देण्याचे विसरलो आणि पुन्हा मेलो. ज्यांनी ते दगड रंगविले त्यांनी दगड पाहिले होते, एवढे नक्की.

मग आमचे रान पाहून काढणारा कोणी नाहीच काय? आहे की! शेजारच्या दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढच्या जनगढसिंह श्याम यांनी घराच्या भिंतीवरची गोंड चित्रकला कागदावर आणली. त्याच गावचे भज्जू श्याम २००२ साली लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्यास गेले आणि परतल्यावर त्यांनी पाहिलेले लंडन चितारले. २००४ मध्ये त्याचे पुस्तक झाले, नाव 'द लंडन जंगल बुक'. किपलिंग यांनी न पाहिलेले आमचे रान लिहिले. आमच्या माणसाने पाहिलेले त्यांचे शहर काढले. तेथील घड्याळाच्या मनोऱ्याला त्यांनी कोंबड्याचे रूप दिले, कारण वेळ सांगणे हे दोघांचेही काम. रोजची बस इमानी कुत्रा झाली. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या शैलीत झाडाचे खोड ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेले असते, म्हणजे पडद्यावर स्थिर उभे राहिले तरी ते थरथरत असल्यासारखे वाटेल. ह्या शैलीत काही लघुपट झाले आहेत. मोगलीची पूर्ण कथा ह्या हातांनी कोणी पडद्यावर आणील, तर आम्ही पहिल्या रांगेचे तिकीट काढू.

कान्ह्याच्या व्याघ्र प्रकल्पाने २०१७ मध्ये भूरसिंग नावाचा बारशिंगा आपले चिन्ह म्हणून घेतला, हेही जाता जाता सांगावे. १९७० साली कान्ह्यात बारशिंगे सहासष्ट उरले होते; ते वाचले. गंमत अशी की आमच्या रानाचा हा खरा मानकरी वर सांगितलेल्यांपैकी एकाही चित्रपटात आम्हांस दिसला नाही, आणि व्यंगचित्राच्या रूपाने का होईना, त्यास शेवटी त्याच्याच घरी मान मिळाला.

आता पुन्हा त्या मुलाकडे. बक्षीस देताना आम्ही त्याला सांगितले होते, की घरी जाऊन आजीला विचार, अस्वल कसे असते. आमच्या मनात केवळ चित्रकला नव्हती. ज्या मुलाला अस्वल हा नाचणारा मित्र वाटतो, तोच मुलगा पुढच्या चैत्रात आजीबरोबर पहाटे मोह वेचावयास जाणार होता. आमच्याच धर्मग्रामात एका गृहस्थांच्या गालावर त्या पंजाची खूण आहे. ते वेदीसमोर आले की मुले त्यांच्याकडे टक लावून पाहतात आणि आयांना ती वळवावी लागतात.

पावसाळ्याच्या सुरुवातीस मुलगा दुसरे चित्र घेऊन आला. वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलेले, रंग नव्हते. मधोमध एक मोठे झाड, त्याखाली ठिपके ठिपके, म्हणजे पडलेली फुले. एका बाजूस टोपली, आडवी पडलेली. दुसऱ्या बाजूस काळ्या रेघांचा एक मोठा गोळा. पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता. नख्या लांब काढल्या होत्या, छातीवर पांढरा पट्टा कोरा सोडला होता. चित्राच्या अगदी कडेला एका बाईची पाठ आणि तिने धरलेला एक लहान हात.

"झाड कोणते?" आम्ही विचारले.

"मोह."

"आणि अस्वलाला तोंड का नाही काढलेस?"

"आजी म्हणते, ते दिसलं की तोंड बघायला थांबायचं नाही."